पिवळ्या कॅनरीचा पुरावा

…आणि वर विचारतो, फोटो आहे का!

नाही, तुम्हीच सांगा. ज्या माणसानं स्वतःच्या हातानं ती गाडी रंगवली तो माणूस, माझा सख्खा बाप, वय वर्षं त्र्याण्णव, समोर खुर्चीत बसून कानीकपाळी ओरडतोय की बाबांनो, गाडी पिवळी होती, पिवळी! आणि आमचा लोवेल, त्याचा जावई, सेहेचाळीस वर्षं त्याच माणसाच्या टेबलावर थँक्सगिव्हिंगची टर्की हाणलेला, मान तिरकी करतो, चष्मा नाकावर घेतो आणि विचारतो, "ते ठीक आहे हो पप्पा, पण फोटो आहे का?" मला सांगा, अशा माणसाला काय म्हणायचं? मी तर म्हणून म्हणून थकले. आता तुम्ही म्हणा.

आता गाडी कुठली ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई ट्रॅक्टरबद्दल बोलतेय. हॉलोवे कॅनरी. नाही ना ऐकलं नाव? ऐकणार कुठून! आमच्या कोकोमो गावात, ओढ्याकाठच्या कारखान्यात, त्रेपन्न ते पंचावन्न, मोजून दोनशे अकरा गाड्या झाल्या आणि हॉलोवे साहेबांनी हात वर केले. दोनच माणसांची, उघडी, बसकी, पळायची गाडी. त्याआधी ते कपडे धुवायची यंत्रं बनवायचे आणि त्यानंतरही कपडे धुवायची यंत्रंच बनवायला लागले. मधली दोन वर्षं त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला होता, आणि तो आम्ही सगळे अजून भोगतोय. बरं, कारखान्याचे कागद म्हणाल तर एक कपटा शिल्लक नाही! कारखाना बंद झाला त्या डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली, रखवालदारानं सगळ्या फायली पत्र्याच्या पिंपात घातल्या आणि मस्त शेकत बसला. मग आता ह्या लोकांनी इतिहास शोधायचा कशातून? जुन्या फोटोंतून आणि जुन्या मासिकांतून. म्हणून ते वाक्य! उठता बसता तेच! फोटो आहे का?

आणि ते वाक्य मूळचं लोवेलचंही नाही बरं का. ते बॉमगार्टनरचं. क्लिफर्ड बॉमगार्टनर, हॉलोवे क्लबचा मुख्य परीक्षक. आमच्या क्लबात गाड्यांची दरवर्षी जूनमध्ये परीक्षा असते. हजार गुणांची! शाळेत आम्हाला शंभराची झेपत नव्हती. हा बॉमगार्टनर हातात टॉर्च घेऊन गाडीखाली पाठीवर सरकतो आणि खालून त्याचा आवाज येतो, "बोल्टच्या डोक्यावर तीन रेघा आहेत. फोटोत दोन दिसतात. चार गुण वजा." एका बिचाऱ्यानं गाडी नवीपेक्षा जास्त चकचकीत केली, तर त्याचे वीस गुण कापले. का? तर म्हणे कारखान्यात इतकं चांगलं काम होतच नव्हतं! माझे पप्पा तिथेच कामाला होते, ते ऐकून आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, जसं काही मीच कापले.

तर ह्या बॉमगार्टनरनं एक पुस्तक लिहिलंय. तीस वर्षं खपून. त्रेपन्न ते पंचावन्नची मोटारीची झाडून सगळी मासिकं पालथी घातली, कॅनरीचे एकशे बारा फोटो गोळा केले, आणि त्यावरून ठरवलं काय? की प्रत्येक कॅनरी कारखान्यातून पांढरी बाहेर पडली! का? फोटोत पांढरी दिसते म्हणून! अहो पण फोटो कृष्णधवल! त्या मासिकांत रंगीत फक्त कव्हर, आणि कव्हरवर मोठ्या कंपन्यांच्या गाड्या, आमच्या धोब्याच्या गाडीला कोण विचारतो! कृष्णधवल फोटोत फिकं पिवळं पांढरंच दिसणार ना? पण नाही. पुस्तकात छापलं, पांढरी. आमच्या गॅरेजातली एक सोडली तर आज जगात सत्तावीस कॅनरी उरल्यात आणि सत्तावीसच्या सत्तावीस मालकांनी त्या पांढऱ्याशुभ्र रंगवल्यात. दरवर्षी जूनमध्ये मैदानावर ओळीनं उभ्या असतात. मला तर दवाखान्यात आल्यासारखं वाटतं.

मी म्हटलं, "क्लिफर्ड, अरे नाव कॅनरी आहे तिचं. कॅनरी पक्षी कसा असतो? पिवळा! मग नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा असं कोण करेल?" तर म्हणाला, "नावावर जाऊ नये, मार्लिस. मस्टँग म्हणजे रानघोडा, म्हणून त्या नावाच्या गाडीला कुणी दाणावैरण घालतं का? आणि पांढरे कॅनरीही असतात." आणि खिशातून काढला की हो फोटो! पांढऱ्या कॅनरीचा! पिंजऱ्यातल्या!

बरं, आता यातली खरी गंमत ऐका. ह्या सत्तावीस लोकांनी आपापल्या गाड्यांचा जुना रंग खरवडला तेव्हा खाली काय निघालं असेल? पिवळा! प्रत्येकाला! मिशिगनचा एक जण, ओहायोचे दोघं, आमचा इथला पेट्रोलपंपवाला, सगळ्यांना खाली पिवळा थर लागला. मग? मग काही नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलं की तो प्रायमर आहे. रंगाच्या आधी देतात तो पहिला हात. पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे, 'हॉलोवे कारखान्याचा वैशिष्ट्यपूर्ण पिवळा प्रायमर'. कपाळ माझं! डोळ्यासमोर पिवळं धम्मक दिसतंय, नखात पिवळं गेलंय, आणि म्हणतात काय, खरा रंग याच्यावर होता, तो उडून गेला!

पप्पांना हे सांगितलं तेव्हा ते जेवत होते. चमचा खाली ठेवला त्यांनी. म्हणाले, "मार्लिस, मी दोन वर्षं त्या रंगखात्यात फवारा मारला. नाक शिंकरलं तरी पिवळं यायचं. तुझी आई उशीचे अभ्रे उकळून उकळून थकली. कुठला प्रायमर?" मी तडक जाऊन बॉमगार्टनरला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, वहीत लिहून घेतलं, आणि म्हणाला, "बरोबर आहे. तुझे वडील पहिल्या पाळीला असणार. पहिली पाळी प्रायमर मारायची. पांढरा दुसऱ्या पाळीनं मारला." अहो, दुसरी पाळी नव्हतीच हो त्या कारखान्यात! चार वाजता सगळे घरी! "नव्हती? फोटो आहे का?" आता नसलेल्या पाळीचा फोटो कुठून आणू मी?

आणि आमच्या घरातलं ध्यान त्याचाच चेला. लोवेलला ही कॅनरी नऊ वर्षांपूर्वी मिळाली, एका शेतकऱ्याच्या कोठारात, कोंबड्या बसत होत्या आत. रंग म्हणाल तर नावाला नाही, कुणीतरी आधीच ॲसिडनं धुऊन नागडी करून ठेवलेली. पण खाली नंबराची पट्टी निघाली, आणि नंबर कुठला? पप्पांच्या गाडीचा! कारखाना बुडाला तेव्हा थकलेल्या पगाराऐवजी पप्पांना जी दिली होती, जिच्यात मी सहा वर्षांची असताना बसून आइस्क्रीम खायला जायचे, जी पुढे माझ्या धाकट्या भावाच्या आजारपणात विकावी लागली, तीच! मी कोठारात रडले. कोंबड्या बघत होत्या. लोवेलही रडला, पण त्याचं कारण वेगळं, त्याला मूळचा रेडिएटर जागेवर दिसला.

त्या दिवसापासून आमच्या घराचं वाचनालय झालं. पाहुण्यांच्या खोलीत त्रेपन्न साल, जिन्याखाली चोपन्न, न्हाणीघरात पंचावन्न. मुलगी नातवंडांना घेऊन आली की विचारते, "आई, आम्ही कुठल्या महिन्यात झोपायचं?" हा पांढरे सुती हातमोजे घालून मासिकाचं पान उलटतो. माझा हात धरताना कधी मोजे घातले नाहीत हो, न धुता धरायचा! जुन्या बाजारात जातो, तिथे परक्यांच्या फोटोंची खोकीच्या खोकी विकायला असतात, कुणाची लग्नं, कुणाची बारशी. हा नवरीकडे बघत नाही, नवरदेवाकडे बघत नाही, त्यांच्या मागं रस्त्यावर उभ्या गाडीचं चाक बघतो. मागच्या वर्षी शेजारचे अर्नेस्ट गेले. बिचाऱ्यांच्या शवपेटीजवळ रीतीप्रमाणे त्यांचे जुने फोटो फळीवर लावलेले. रांग लागलेली, बायका डोळे पुसतायत, आणि ह्यानं खिशातून काय काढावं? भिंग! फळीला नाक लावून उभा! अर्नेस्टची बायको त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणते, "किती जीव होता रे तुझा त्यांच्यावर." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग एक दिवस माझ्या आईच्या शिवणाच्या डब्यात एक फोटो सापडला. कॅनरीत बसलेली मी! सहा वर्षांची, दोन वेण्या, हातात आइस्क्रीम, मागं पप्पा. मी धावत धावत गॅरेजमध्ये. म्हटलं आता बघ! त्यानं फोटो घेतला, भिंग लावलं, आणि किती वेळ बघतोय, बघतोय… मला वाटलं गहिवरला. तर म्हणतो, "तुझं कोपर जरा मध्ये आलंय. नाहीतर बाजूचा आरसा दिसला असता." मी म्हटलं, "आरसा गेला चुलीत! रंग बघ!" तर म्हणे, "पांढरीच दिसते की." "अरे, माझा फ्रॉकही पांढरा दिसतोय, तो गुलाबी होता!" आणि हा… देवाशपथ सांगते, सेहेचाळीस वर्षांचा संसार… हा म्हणतो, "गुलाबी होता? फोटो आहे का?"

इथपर्यंत मी हसण्यावारी नेलं होतं हो. पण ह्या मार्चमध्ये दोन गोष्टी एकदम झाल्या. एक म्हणजे पप्पांचं हृदय. वृद्धाश्रमातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं, आवाज खाली केला, म्हणाल्या, उन्हाळा निघाला तर खूप झालं. मी आत गेले, पप्पांच्या पायाशी बसले, विचारलं, "पप्पा, काही हवंय?" ते म्हणाले, "गाडी झाली की एकदा तिच्यात बसव मला." म्हटलं बसवते. तर बोट वर करून म्हणाले, "पण पांढरी आणलीस तर मी खाली उतरणार नाही. खिडकीतून बघीन आणि पडदा लावून घेईन." ते तसं करणार, मी ओळखून आहे, आमच्या घराण्यात सगळे एकापेक्षा एक हट्टी. आणि दुसरी गोष्ट म्हणजे त्याच आठवड्यात लोवेलनं रंगाचे डबे आणले. पांढरे. चार. जूनच्या परीक्षेआधी गाडी रंगवायची म्हणून.

मी म्हटलं, "लोवेल, पिवळी कर. माझ्यासाठी." त्यानं हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाला, "मार्लिस, पिवळी केली तर रंगाचे दीडशे गुण जातात. नऊ वर्षं मी एकेक स्क्रू शोधलाय. मला फक्त एकदा ते प्रमाणपत्र हवंय." त्याचे डोळे भरले होते हो. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. वाईट माणूस नाही तो. फक्त खुळा आहे. म्हणाला, "एक रंगीत फोटो आण. एकच. मी स्वतः बॉमगार्टनरशी भांडतो." आणि मी पदर खोचला… म्हणजे ॲप्रन बांधला म्हणा. म्हटलं ठीक आहे, फोटो हवाय ना तुम्हाला? फोटोच आणते!

मग काय सांगू तुम्हाला! मोटारीची मासिकं मी उघडलीसुद्धा नाहीत. ती पुरुषांनी तीस वर्षं चाटूनपुसून ठेवलेली. मी म्हटलं, चोपन्न साली घरात रंगीत मासिक कुणाकडे होतं? बायकांकडे! पानोपानी रंगीत! गालिचे रंगीत, पडदे रंगीत, केकच्या कृती रंगीत! ह्या एवढ्या हुशार पुरुषांनी एकशे बारा फोटो शोधले, पण एकानं, एकानं तरी बायकोचं विणकामाचं मासिक उघडावं? छे! कमीपणा येतो! मी सहा आठवडे चर्चच्या तळघरात बसले. आमच्या चर्चमध्ये म्हातारी बाई वारली की तिची मासिकं तळघरात येतात, कुणी टाकतही नाही, कुणी घेतही नाही. धूळ किती, वास किती, शिंकून शिंकून माझी कंबर धरली. कोबीच्या पाचशे कृती बघितल्या. आपण त्या काळात काय काय खाल्लं हे वाचून आपण जिवंत कसे याचंच नवल वाटलं.

आणि एका मंगळवारी… मे चोपन्न, पान एकसष्ट. जेलीच्या पुडीची जाहिरात. अख्खं पान, रंगीत. स्वयंपाकघरात एक बाई उभी, कंबर एवढीशी, हसू एवढं मोठं, हातात थाळा, थाळ्यात हिरवीगार लिंबाची जेली, जेलीत कोबी आणि ऑलिव्ह अडकलेले, भोवती मसाला भरलेली उकडलेली अर्धी अर्धी अंडी. आणि बाईच्या मागं खिडकी. आणि खिडकीतून बाहेर अंगणात, अर्धीच दिसतेय, पण उभी आहे… पिवळी! पिवळी पिवळी पिवळी! मी एवढ्यानं किंचाळले की वरून पास्टर धावत आले, त्यांना वाटलं उंदीर.

घरी आले, पान लोवेलसमोर टाकलं. त्यानं भिंग लावलं आणि तो ओरडलाच. "कॅनरी! मार्लिस, ही कॅनरी आहे! गाडीच्या नाकावरचा धातूचा पक्षी बघ, पंख मिटलेला, म्हणजे पहिल्या पन्नासातली! हा पक्षी कुणाकडे नाही! दिव्याची कड बघ!" मी म्हटलं, "रंग बघ." तो थांबला. बघितलं. खूप वेळ बघितलं. मग हळूच म्हणतो, "पण जाहिरात आहे ना ही… बॉमगार्टनर म्हणेल, जाहिरातीत रंग वाटेल तसे भरतात. ती जेली बघ, असा हिरवा कधी असतो का?" बोला! मी खुर्चीत बसले. रडू की हसू कळेना. आणि बसल्या बसल्या सुचलं. म्हटलं, थांब. असा हिरवा असतो की नाही ते दाखवतेच तुम्हाला.

आमच्या क्लबची वसंतातली पंगत असते, प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायचा. मी पान एकसष्टची कृती घेतली, शब्दाला शब्द, आणि तीच जेली केली. लिंबाची पुडी, कोबी, ऑलिव्ह, वर मेयोनेझ. तोच गोल साचा, जुन्या बाजारातून शोधून आणलेला. भोवती अंडी, फोटोत जितकी तितकीच. थाळा घेऊन मी सभागृहात शिरले तर माणसं बाजूला होत गेली. बॉमगार्टनरच्या पुढ्यात थाळा ठेवला, शेजारी मासिक उघडून ठेवलं. म्हटलं, "क्लिफर्ड, तुझ्या त्या रंगाच्या पट्ट्या काढ."

त्याच्याकडे असतात, नेहमी असतात, खिशात किल्ल्यांसारखा जुडगा. आधी म्हणाला, "जाहिरातीतले रंग हा पुरावा नाही." मी म्हटलं, "काढ." काढल्या. एक हिरवी पट्टी पानावरच्या जेलीला लावली, बघितलं, दुसरी लावली, ती जुळली. मग तीच पट्टी माझ्या जेलीवर ठेवायला गेला, तर जेली हलतेय, पट्टी हलतेय, म्हातारा वाकलाय, चाळीस माणसं श्वास रोखून बघतायत. आणि जुळली! तंतोतंत! सभागृहात एवढी शांतता की कोबी ऐकू यावा. तरी म्हणतो, "एका जेलीवरून सिद्ध होत नाही. छापताना हिरवा बरोबर आला असेल, पिवळा चुकला असेल. पांढऱ्यावर पिवळट झाक येते कधी कधी."

मला वाटलं संपलं. पप्पा डोळ्यासमोर आले, खिडकीतून बघणारे, पडदा ओढणारे. आणि तेवढ्यात माझ्यामागून आवाज आला. लोवेलचा! जो माणूस बॉमगार्टनरसमोर आजवर "हो" आणि "बरोबर आहे" याशिवाय काही बोलला नाही, तो पुढे आला, टेबलावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "क्लिफर्ड, ह्या पानावर अंडी आहेत. अंड्याचं पांढरं पांढरं छापलंय. बलक पिवळा छापलाय. आता तूच सांग, गाडी कुठल्या भागासारखी दिसते?"

अहो, बॉमगार्टनरनं भिंग लावलं. अंडं बघितलं. गाडी बघितली. अंडं बघितलं. कपाळावर घाम. मग एकदम खुर्चीत बसला, चष्मा काढला, आणि काय केलं माहितीये? थाळ्यातलं एक अंडं उचलून तोंडात टाकलं. चावत चावत म्हणाला, "बलक." बस. एवढंच. तीस वर्षांचं पुस्तक गेलं एका घासात. मला त्याची दया आली हो. मी त्याला आणखी एक अंडं दिलं. जेलीला मात्र कुणी हात लावला नाही, मीसुद्धा नाही.

पुढचं विचारू नका. सत्तावीस गाड्यांचे मालक! मिशिगनवाला तर मला फोनवर म्हणाला, "बाई, तुम्ही घरी बसून स्वेटर का विणत नाही?" म्हटलं, विणते की, नमुना शोधत होते, त्यातच सापडली. एकाची बायको गुपचूप फोन करून म्हणाली, थँक्यू, मला ती पांढरी गाडी कधी आवडलीच नाही. पेट्रोलपंपवाल्यानं तर माझ्याकडे बघणंच सोडलंय, आता पेट्रोल घ्यायला गावाबाहेर जावं लागतं. बॉमगार्टनर पुस्तकाची नवी आवृत्ती काढतोय, आणि पप्पांच्या जबानीसाठी त्यांच्याकडे दर गुरुवारी वही घेऊन जातो. पप्पा त्याला एका प्रश्नाचं उत्तर देतात आणि मग झोपल्याचं सोंग घेतात.

आणि लोवेलनं ते चार पांढरे डबे चर्चला देऊन टाकले, तळघर रंगवायला, आणि गाडी पिवळी केली. अशी पिवळी, अशी पिवळी की मला बघवेना. मे महिन्याचा शेवटचा रविवार. परीक्षेच्या आधी, कुणी बघायच्या आधी, आम्ही गाडी वृद्धाश्रमाच्या दाराशी नेली. पप्पा चाकाच्या खुर्चीतून बाहेर आले. बघितलं. लोवेलनं त्यांना उचललं, लहान मुलाला उचलतात तसं, आणि आत बसवलं, स्टिअरिंगपुढे. मी शेजारी बसले. पप्पांनी दारावरून हात फिरवला, मागं, पुढं. मग नाकाला बोट लावलं आणि म्हणाले, "हाच. मार्लिस, हाच तो." मी रडतेय, ते रडतायत, लोवेल तिकडे बॉनेटला धरून रडतोय. नर्सबाई म्हणाली सगळ्यांना पाणी आणू का. मला वाटलं, देवा, आता काही नको. झालं सगळं.

मग पप्पांनी डोळे पुसले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, खाली बघितलं. आणि म्हणाले, "रंग फक्कड जमलाय. पण सीट लाल होत्या."

मी म्हटलं, "पप्पा, काळ्या होत्या."

"लाल. शेजारच्याच खात्यात शिवायचे."

"पप्पा, मी बसायचे ना ह्याच्यात. उन्हात तापायच्या, मांड्या भाजायच्या, मला चांगलं आठवतंय, काळ्या होत्या!"

"अगं, लाल होत्या, लाल! मी सांगतोय ना!"

आणि तुम्हाला सांगते, मला काय झालं मला कळलं नाही. मी तिथं बसलेय, बापाच्या शेजारी, ज्या बापासाठी हे सगळं केलं त्या बापाच्या शेजारी, आणि माझी मान आपोआप तिरकी झाली, चष्मा आपोआप नाकावर आला, आणि माझ्या तोंडून, ह्या माझ्या तोंडून निघालं, "ते ठीक आहे हो पप्पा, पण फोटो आहे का?"

लोवेल खाली बघत बॉनेट पुसायला लागला, स्वच्छच होतं ते. पप्पांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं आणि म्हणाले, "देवा, इतकी वर्षं मला वाटत होतं, मला जावई एकच आहे."